दक्षिणेची मर्जी राखून काय मिळालं?

२६ ऑगस्ट २०२० रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका शिल्पाचं अनावरण झालं. एका टेबलाभोवती तिघीजणी: सुझन बी. अँथनी, एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सोजर्नर ट्रूथ. त्या जुन्या बागेत ॲलिस होती, ज्युलिएट होती, पण खरोखर जगून गेलेल्या एकाही स्त्रीचा पुतळा नव्हता; हा पहिलाच. मूळ आराखड्यात मात्र अँथनी आणि स्टँटन या स्त्रियांच्या मताधिकार चळवळीच्या दोन गोऱ्या पुढारीच होत्या. त्यावर टीकेची झोड उठली, तेव्हा गुलामीत जन्मलेल्या ट्रूथना मागाहून टेबलाशी जागा मिळाली. या निमित्ताने अमेरिकेतला एक जुना वाद पुन्हा पेटला. एका बाजूचं म्हणणं, या दोघींनी कृष्णवर्णीयांबद्दल जे लिहिलं-बोललं ते पाहता त्यांचे पुतळे उभारायचेच कशाला? दुसऱ्या बाजूचं ठरलेलं उत्तर, काळच तसा होता, आजच्या फूटपट्टीने त्यांना मोजू नका. आपल्याकडे महिला दिनाच्या सुमारास अमेरिकन मताधिकार चळवळीवर जे लिहिलं जातं, त्यातही आता याच दोन सुरांची उसनवारी दिसते.

मला हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीचा चाललेला वाटतो. या बायका मनाने चांगल्या होत्या की वाईट, याचाच कीस दोन्ही पक्ष पाडत बसले आहेत. प्रत्यक्षात १८६७ पासून १९२० पर्यंत गोऱ्या नेतृत्वाने जे केलं तो एक राजकीय सौदा होता, आणि तो पूर्ण शुद्धीत केलेला होता. दक्षिणेतल्या, म्हणजे पूर्वी गुलामी चालवणाऱ्या राज्यांतल्या गोऱ्यांना दुखवायचं नाही, बदल्यात त्यांचा पाठिंबा मिळवायचा. सौदा म्हटला की तो सौद्यासारखाच तपासला पाहिजे: काय दिलं, काय मिळालं, आणि किंमत कोणी मोजली? हिशेब मांडून पाहिला तर हा व्यवहार अनैतिक तर होताच, शिवाय चक्क आतबट्ट्याचा होता.

आधी ‘काळच तसा होता’ या सबबीचा निकाल लावू. काळ सगळ्यांचाच होता ना? मे १८६६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्त्री-हक्क परिषदेत फ्रान्सिस एलन वॉटकिन्स हार्पर ही कृष्णवर्णीय कवयित्री बोलायला उभी राहिली. नवरा वारला तेव्हा घर कर्जात होतं. तीन महिन्यांच्या आत कारभाऱ्याने येऊन दुधाची मडकी आणि कपडे धुण्याची पिंपंसुद्धा उचलून नेली, मागे ठेवला तो फक्त एक आरसा. ही हकीकत तिने त्या व्यासपीठावरून सांगितली, आणि मग समोरच्या गोऱ्या बायकांना सुनावलं: तुम्ही इथे हक्कांबद्दल बोलता, मी अन्यायांबद्दल बोलते. मताधिकार मिळाला की सगळी दुखणी बरी होतील असं मला वाटत नाही, आणि गोऱ्या बायका म्हणजे आभाळातून नुकतेच टपकलेले दवबिंदू आहेत असंही मी मानत नाही. हे ऐकायला अँथनी आणि स्टँटन हजर होत्या. त्याच परिषदेतून ‘अमेरिकन इक्वल राइट्स असोसिएशन’ जन्माला आली. स्त्रिया आणि कृष्णवर्णीय, दोघांचा मताधिकार एकत्र मागायचा, हा तिचा उद्देश. म्हणजे योग्य भूमिका काय हे त्या काळाला ठाऊक होतं, मांडलं गेलं होतं, ठरावात उतरलं होतं.

शिवाय या दोघी काही काळाच्या प्रवाहात वाहत जाणाऱ्या नव्हत्या. यादवी युद्ध चालू असताना गुलामी कायमची रद्द करावी म्हणून त्यांच्या संघटनेने जवळपास ४ लाख सह्या गोळा करून काँग्रेसपुढे नेल्या. अँथनी त्याआधी अमेरिकन गुलामीविरोधी संस्थेच्या प्रचारक होत्या, आणि गावोगावच्या झुंडींना तोंड देत भाषणं करत होत्या. त्या काळाच्या पुढेच होत्या. मग १८६७ नंतर जे झालं त्याचं खापर काळावर कसं फोडायचं? पुढे गेलेला माणूस मागे फिरतो तेव्हा तो स्वतःच्या पायांनी फिरतो.

त्या का फिरल्या, हे मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं, कारण त्यांची बाजू पोकळ नव्हती. युद्ध संपताच गुलामीविरोधी चळवळीतल्या पुरुष मित्रांनी ‘ही वेळ निग्रोची आहे’ असं म्हणत स्त्रियांना थांबायला सांगितलं. १८६८ मध्ये मंजूर झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीने मतदारांच्या संदर्भात ‘पुरुष’ हा शब्द पहिल्यांदाच राज्यघटनेत घुसवला. वर्षानुवर्षं ज्यांच्यासोबत राबलो त्यांनीच दार लावून घेतलं, ही जखम खरी होती. स्टँटन म्हणत होत्या की आता संधी हुकली तर स्त्रियांना पिढ्यानपिढ्या थांबावं लागेल, आणि त्यांचा होरा बरोबर ठरला: काळ्या पुरुषांना मत देणारी पंधरावी दुरुस्ती १८७० ची, स्त्रियांना मत देणारी एकोणिसावी १९२० ची. मध्ये अर्धं शतक गेलं. एवढंच कशाला, खुद्द सोजर्नर ट्रूथ १८६७ मध्ये म्हणाल्या होत्या की काळ्या पुरुषांना हक्क मिळाले आणि काळ्या बायकांना नाही मिळाले, तर ते बायकांचे मालक होऊन बसतील. म्हणजे पंधराव्या दुरुस्तीबद्दल शंका घेणं हा काही वर्णद्वेष नव्हता. ‘दोघांनाही द्या, नाहीतर हे अपुरं आहे’ असं बजावून थांबता आलं असतं.

पण तिथे थांबल्या नाहीत. १८६७ मध्ये कॅन्सस राज्यात कृष्णवर्णीय पुरुष आणि स्त्रिया यांच्या मताधिकारावर दोन वेगवेगळी सार्वमतं होती. प्रचाराच्या अखेरच्या टप्प्यात या दोघींनी जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन या धनिक डेमोक्रॅटचा हात धरला. हा गृहस्थ काळ्यांची उघड टिंगल करत सभा गाजवायचा. दोन्ही सार्वमतं पडली. तरीही पुढच्या वर्षी निघालेल्या त्यांच्या ‘द रेव्होल्यूशन’ साप्ताहिकाला सुरुवातीचा पैसा याच ट्रेनचा. त्यानंतर स्टँटन यांची लेखणी आणि जीभ दोन्ही घसरत गेल्या. पॅट्रिक, सँबो, हान्स आणि युंग तुंग, म्हणजे आयरिश, काळे, जर्मन आणि चिनी, ज्यांना राजेशाही आणि प्रजासत्ताक यातला फरक कळत नाही, जे वेब्स्टरचं स्पेलिंगचं पुस्तक वाचू शकत नाहीत, त्यांनी सुशिक्षित बायकांसाठी कायदे करावेत काय, असा त्यांचा सवाल होता. आपल्याकडे वरच्या जातीतल्या माणसाने ‘अंगठाबहाद्दरांना मत कशाला’ म्हणावं, त्याच जातकुळीचा हा युक्तिवाद.

मे १८६९ मध्ये ती इक्वल राइट्स असोसिएशन फुटली. त्या बैठकीत गुलामीतून निसटून काळ्यांचे पुढारी झालेले फ्रेडरिक डग्लस म्हणाले, बायकांना केवळ बायका आहेत म्हणून न्यूयॉर्क आणि न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर हुडकून काढलं जाईल, घरातून ओढून दिव्याच्या खांबांना लटकवलं जाईल, तेव्हा मताधिकाराची त्यांची निकड आमच्याइतकी होईल. श्रोत्यांतून कुणीतरी विचारलं, हे सगळं काळ्या बायकांच्या बाबतीत खरं नाही का? डग्लस उत्तरले, खरं आहे, खरं आहे, पण ती बाई आहे म्हणून नव्हे, काळी आहे म्हणून. माझ्या मते या उत्तरात डग्लसही कमी पडले. दक्षिणेत काळ्या बाईवर जे गुदरत होतं ते ती काळी आणि बाई दोन्ही असल्यामुळे, आणि त्या दोन गोष्टी चिमट्याने वेगळ्या करता येण्यासारख्या नव्हत्या. पण त्याच सभागृहात ल्युसी स्टोनही होत्या. गोऱ्या, मताधिकारासाठी तितक्याच कासावीस, डग्लसशी वाद घालणाऱ्या. त्या शेवटी म्हणाल्या की या भयंकर खड्ड्यातून कुणीही बाहेर आलं तरी मला मनापासून आनंद होईल. त्यांचा आणि स्टँटन यांचा काळ वेगळा होता का?

यापुढचा टप्पा मला जास्त बोलका वाटतो, कारण तिथे रागाची सबबसुद्धा उरत नाही. १८९५ मध्ये पुन्हा एक झालेल्या राष्ट्रीय मताधिकार संघटनेचं अधिवेशन जॉर्जियातल्या अटलांटाला भरायचं होतं. १८४८ मध्ये सेनेका फॉल्सच्या स्त्री-हक्क परिषदेत मताधिकाराचा ठराव बारगळायला आला असताना ज्यांनी उठून तो तारला, ते डग्लस आता म्हातारे झाले होते. अँथनींनी या जुन्या मित्राला सांगितलं, अटलांटाला येऊ नका. दक्षिणेतल्या गोऱ्या बायका बिचकतील. ही गोष्ट नंतर अँथनींनीच आयडा बी. वेल्सना सांगितली. वेल्स म्हणजे झुंडबळींविरुद्ध एकहाती रान उठवणारी पत्रकार. त्या वेळी रॉचेस्टरला अँथनींच्या घरी पाहुणी होती. तिने तोंडावर सांगितलं की तुम्ही चुकलात. मताधिकारासाठी काही मिळवलं असेल, पण त्या बायकांचा भेदभाव तुम्ही पक्का करून आलात. आणि याच मुक्कामातला दुसरा प्रसंग वेल्सनेच नोंदवला आहे: अँथनींनी आपल्या लघुलेखिकेला पाहुणीची पत्रं लिहून घ्यायला सांगितलं, ती गोरी मुलगी काळ्या बाईचं सांगितलेलं लिहायला तयार होईना, आणि अँथनींनी तिला तडकाफडकी कामावरून काढलं. घरात त्या तसूभर हटल्या नाहीत. माघार घेतली ती व्यासपीठावर. म्हणून म्हणतो, मनाच्या चांगुलपणाचा पंचनामा करून इथे काहीच हाती लागत नाही.

डग्लस त्यानंतर दोनेक आठवड्यांत, २० फेब्रुवारी १८९५ ला गेले. त्या दिवशी दुपारी ते वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांच्याच एका परिषदेला जाऊन आले होते.

अटलांटानंतर उतार सुरूच राहिला. १९०३ मध्ये अधिवेशन न्यू ऑर्लिन्सला भरलं आणि प्रत्येक राज्यशाखेने आपापलं धोरण ठरवावं, अशी भूमिका संघटनेने घेतली. त्याचा अर्थ सरळ होता: दक्षिणेतल्या शाखांना काळ्या बायका नको असतील तर नकोत. दक्षिणेत उघड प्रचार झाला की गोऱ्या बायकांना मत दिल्याने गोऱ्यांचं वर्चस्व बळकटच होईल. ३ मार्च १९१३ च्या वॉशिंग्टनमधल्या प्रसिद्ध मोर्चात आयडा वेल्सना सांगण्यात आलं की इलिनॉयच्या पथकासोबत चालू नका, मागे काळ्या बायकांसोबत चाला. वेल्स गर्दीत दिसेनाशा झाल्या, आणि मोर्चा निघाल्यावर बाजूने येऊन आपल्या पथकात दोन गोऱ्या सहकाऱ्यांच्या मध्ये चालू लागल्या.

आता पावती पाहू. एवढी वर्षं दक्षिणेची मनधरणी केली, तिने काय दिलं? १९१९ मध्ये एकोणिसावी दुरुस्ती राज्यांकडे मंजुरीला गेली, तेव्हा ती फेटाळणारं पहिलं राज्य होतं जॉर्जिया. तेच अटलांटाचं जॉर्जिया, जिथे डग्लस नकोत म्हणून ठरलं होतं. न्यू ऑर्लिन्सच्या लुइझियानानेही नाकारली. यादवी युद्धात फुटून निघालेल्या जुन्या कॉन्फेडरेट ११ राज्यांपैकी मंजुरी दिली फक्त टेक्सस, आर्कान्सा आणि टेनेसी यांनी. बाकी आठांनी नकार दिला नाहीतर चालढकल केली. त्यातही केट गॉर्डन यांचं उदाहरण तर मासलेवाईक आहे. न्यू ऑर्लिन्सच्या या बाईंना राष्ट्रीय संघटनेने चिटणीसपद दिलं, दक्षिणेचा चेहरा म्हणून मिरवलं. त्यांनी शेवटी काय केलं? केंद्राची दुरुस्ती आली तर काळ्या बायकांनाही मत मिळेल, म्हणून त्या या दुरुस्तीच्याच विरोधात प्रचाराला उतरल्या! ज्यांच्यासाठी मित्राला दारातून परत पाठवलं, त्यांनी ऐनवेळी विरुद्ध बाजू धरली.

इथे सगळ्यात वजनदार आक्षेप येतो, आणि तो टाळून चालणार नाही. ४८ पैकी ३६ राज्यांची मंजुरी हवी होती आणि छत्तिसावं राज्य होतं टेनेसी. दक्षिणेतलं. मग दक्षिण चुचकारली नसती तर १८ ऑगस्ट १९२० चा दिवस उगवला असता का? आक्षेप बिनतोड वाटतो. पण टेनेसीत काय घडलं ते जवळून बघा. निर्णायक मत फिरवणारा तरुण आमदार हॅरी बर्न, त्याच्या खिशातल्या, ‘मताधिकाराच्या बाजूने मत दे’ असं सांगणाऱ्या आईच्या पत्राची गोष्ट सगळेच सांगतात. तो आला कुठून हे कमी सांगितलं जातं: पूर्व टेनेसीच्या डोंगराळ पट्ट्यातून, जो यादवी युद्धात बव्हंशी उत्तरेच्या बाजूने होता आणि पुढेही लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाला धरून राहिला. अटलांटाला ज्यांची समजूत काढली जात होती, ते हे लोक नव्हेत.

आणि नॅशव्हिल! १९१९ मध्ये टेनेसीने बायकांना नगरपालिकेच्या आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मत दिलं. तेव्हा तिथल्या फ्रँकी पियर्स आणि डॉक्टर मॅटी कोलमन या कृष्णवर्णीय नेत्यांनी चर्च आणि महिला मंडळांच्या जाळ्यातून काळ्या बायकांची जोरदार मतदार नोंदणी करवली आणि गोऱ्या मताधिकारवाद्यांशी सरळ युती केली. मे १९२० मध्ये, म्हणजे दुरुस्तीवरच्या मतदानाच्या तीन महिने आधी, पियर्स राज्याच्या विधानभवनात गोऱ्या बायकांच्या सभेपुढे बोलल्या: आम्ही तुमच्या पाठीशी उभ्या राहू, पण आम्हाला आमच्या मुलींसाठी सरकारी शाळा हवी. अडचणीत सापडलेल्या काळ्या मुलींसाठी ती शाळा १९२३ मध्ये सुरू झालीही. ज्या राज्याचा दाखला देऊन ‘दुसरा मार्गच नव्हता’ म्हणतात, त्याच राज्याच्या राजधानीत दुसरा मार्ग चालून दाखवला गेला होता. वर्णभेदाचे कायदे तिथेही होते. तरी टेनेसीने मंजुरी दिलीच ना?

बाहेर नजर टाकली तरी हेच दिसतं. न्यूझीलंडने १८९३ मध्ये स्त्रियांना मत दिलं, तेव्हा माओरी स्त्रियांनाही त्याच कायद्याने दिलं. शेजारच्या ऑस्ट्रेलियाने १९०२ मध्ये गोऱ्या बायकांना मत देताना त्याच कायद्याने आदिवासींना वगळलं. समुद्र एक, साम्राज्य एक, मध्ये जेमतेम नऊ वर्षं. काळाने कुणाचाही हात धरून काही करवून घेतलं नव्हतं.

आता दुसऱ्या छावणीकडे वळतो. ‘ही चळवळ गोऱ्या बायकांचीच होती’ हे वाक्य जहाल वाटतं, पण त्याचा परिणाम उलटा होतो. अटलांटात डग्लसना दाराबाहेर ठेवणाऱ्यांनी जे सुरू केलं, ते काम हे वाक्य पूर्ण करतं. हार्पर, वेल्स, मेरी चर्च टेरेल, पियर्स ही मंडळी मग कुठल्या चळवळीत होती? वेल्सनी जानेवारी १९१३ मध्ये शिकागोत ‘अल्फा सफ्रेज क्लब’ काढला. त्या वर्षी इलिनॉयने बायकांना मर्यादित मताधिकार देताच क्लबच्या बायका वॉर्डात घरोघर फिरून नोंदणी करू लागल्या. ‘घरी जाऊन मुलं सांभाळा’ असे टोमणे त्यांना त्यांच्याच पुरुषांकडून खावे लागले. १९१५ मध्ये ऑस्कर डी प्रीस्ट शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय नगरसेवक म्हणून निवडून आले, त्यात या बायकांच्या मतांचा मोठा वाटा होता. दक्षिणेची मर्जी राखून वीस वर्षांत जे मिळालं नाही, ते दोन वर्षांत एका शहराच्या एका वॉर्डात मिळालं. हे सोडून आपण पुतळ्यांवर चुना फासायचा की हार घालायचा यावर भांडतो आहोत.

मराठी वाचकाला या गोष्टीत तिऱ्हाईत राहता येत नाही, म्हणून थोडं आपल्याकडचं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या युनायटेड स्टेट्समधल्या सज्जनांना. त्या सज्जनांत सह्या गोळा करत फिरलेल्या या बायकाही येतात. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या. तिथल्या बायकांच्या संघटनांनी त्या भारावल्या, आणि बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभं राहिलं. रमाबाईंच्या तिथल्या जिवलगांपैकी एक फ्रान्सिस विलर्ड, दारूबंदीवाल्या बायकांच्या प्रचंड संघटनेच्या अध्यक्ष. याच विलर्डनी १८९० मध्ये एका मुलाखतीत दक्षिणेतल्या गोऱ्यांची तरफदारी करताना काळ्यांची तुलना टोळधाडीशी केली, आणि आयडा वेल्सनी १८९४ मध्ये ती मुलाखत इंग्लंडमध्ये पुन्हा छापून आणून त्यांना पेचात पकडलं. रमाबाईंवरच्या लेखांत विलर्ड हमखास भेटतात, वेल्स क्वचितच. उपकार खरे आहेत, टोळधाडही खरी आहे, आणि दोन्ही एकाच परिच्छेदात लिहिता आली पाहिजेत.

‘आधी एकीचं होऊ द्या, मग दुसरीचं बघू’ हा शेवटचा बचाव. आधी राजकीय की आधी सामाजिक या वादावर पोसलेल्या आपल्याला तो चटकन पटतोही. तर एकीचं झाल्यावर काय झालं? फेब्रुवारी १९२१ मध्ये काळ्या बायकांचं शिष्टमंडळ ॲलिस पॉलना भेटलं: दक्षिणेत आम्हाला मतदान करू देत नाहीत, तुमच्या नॅशनल वुमन्स पार्टीने हा प्रश्न हाती घ्यावा. उत्तर आलं, हा वंशाचा प्रश्न आहे, स्त्रियांचा नाही. खरी मेख कायद्याच्या मजकुरातच होती. एकोणिसावी दुरुस्ती जवळपास शब्दशः पंधरावीच्या साच्यातून काढलेली, फक्त वंशाच्या जागी लिंग. स्टँटन यांनी ज्या दुरुस्तीला विरोध केला तिचाच साचा अखेर कामी आला, आणि त्या साच्यातली भोकंही सोबत आली. मतदानकर, साक्षरता चाचणी, राज्यघटनेचा अर्थ सांगा म्हणणारा कारकून, यांपैकी कशालाच ती दुरुस्ती अडवत नव्हती. काळ्या पुरुषांना याच युक्त्यांनी मतदारयादीतून हाकललं जात असताना मताधिकार संघटना ‘हा आमचा विषय नाही’ म्हणून बाजूला बसली होती. १९२० नंतर त्याच युक्त्या काळ्या बायकांसाठी तयार होत्या.

३१ ऑगस्ट १९६२ रोजी फॅनी लू हेमर ही मिसिसिपीतली शेतमजूर बाई १७ जणांसोबत बसने इंडियानोला गावच्या कचेरीत मतदार नोंदणीला गेली. तिला राज्याच्या घटनेतलं ‘डी फॅक्टो’ कायद्यांबद्दलचं कलम समजावून सांगायला सांगितलं. ती नापास झाली. नंतर म्हणाली, घोड्याला नाताळाबद्दल जेवढं कळतं तेवढंच मला त्या कायद्यांबद्दल कळत होतं. ज्या मळ्यावर ती १८ वर्षं राबली होती, तिथून त्याच रात्री तिला बाहेर काढण्यात आलं. ती जेमतेम तीन वर्षांची होती तेव्हा ‘अमेरिकेतल्या स्त्रियांना’ मताधिकार मिळालेला होता. कारकुनाची ही परीक्षा शेवटी बंद पाडली १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने, आणि तो ज्या चळवळीने मिळवला तिने बाईचा प्रश्न आणि काळ्यांचा प्रश्न अशा दोन रांगा लावल्या नव्हत्या. मिसिसिपी राज्याने एकोणिसाव्या दुरुस्तीला मंजुरी दिली १९८४ मध्ये.